शेवटचं वाक्य बाईंचं

पंधरा तारखेला अर्जांची मुदत संपते, हे बाईंनी महिनाभर आधी फळ्यावर लिहिलं होतं. मुलांकडून वहीत लिहून घेतलं होतं, पालकांच्या सभेत दोनदा सांगितलं होतं, आणि तेवढ्यानंही भागणार नाही हे ठाऊक असल्यामुळे घरोघरी चिठ्ठ्या पाठवल्या होत्या. पंधरा तारखेला सकाळी सव्वानऊला एक आई खोलीच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, “बाई, मुदत नक्की कधी संपतेय हो?”

बाईंनी टेबलावरचं पंचिंग मशीन उचललं, समोरच्या दोन कागदांना भोकं पाडली आणि मशीन खाली ठेवलं. त्या कागदांना भोकांची काही गरज नव्हती. “आज,” त्या म्हणाल्या.

“आजच? मग फोटो लागेल का?”

असले दिवस बाई बावीस वर्षं काढत होत्या. मुळात त्या भाषेच्या शिक्षिका. शेवटच्या वर्गातल्या मुलांना कॉलेजं शोधायला, अर्ज भरायला कुणीतरी मदत करायला हवी, कोण करील, असं मुख्याध्यापकांनी एका बैठकीत विचारलं तेव्हा सगळ्यांनी माना खाली घातल्या. बाईंना नेमकी शिंक आली, मान वर गेली आणि हे काम गळ्यात पडलं. निदान बाई तसं सांगायच्या. शिंक वगैरे काही नव्हती, हिला ते काम हवंच होतं, असं त्यांच्या नवऱ्याचं म्हणणं होतं.

खोली मिळाली ती प्रयोगशाळा आणि खेळाचं सामान यांच्या मधली. एका भिंतीतून ॲसिडचा वास यायचा, दुसरीतून रबरी चेंडूंचा. प्रिंटर होता, तो प्रत्येक अर्जाचं दुसरं पान गिळायचा. बाहेर व्हरांड्यात एक लाकडी बाक होता, पालकांसाठी, आणि बाकाच्या वर बाईंनी स्वतःच्या अक्षरात लिहून लावलेला कागद. एक, दारातून आत डोकावू नये. दोन, मुलाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आपण देऊ नये. तीन, मूल बाहेर आलं की लगेच ‘काय झालं?’ असं विचारू नये. हा कागद लावण्याआधी एका गृहस्थांनी मुलाच्या वतीनं सलग चाळीस मिनिटं उत्तरं दिली होती आणि शेवटी ‘छंद’ या रकान्यात स्वतःचा छंद लिहायला लावला होता.

बाईंची कामाची पद्धत साधी होती. प्रत्येक मुलानं तीन कॉलेजं लिहायची. एक उडीचं, म्हणजे मिळालं तर मिळालं. एक हाताचं, म्हणजे नीट अभ्यास केला तर मिळेलच. एक खिशातलं, म्हणजे काहीही झालं तरी आहेच. एवढी सोपी गोष्ट, पण तिथंच दरवर्षी घोडं अडायचं. निम्मी मुलं तिन्ही ओळींत एकच कॉलेज लिहून आणायची. का, तर मित्र तिथं जातोय. उरलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या वडिलांना ‘खिशातलं’ हा शब्दच अपमान वाटायचा. आमच्या मुलाला खिशातलं कशाला, असं म्हणून ते ती ओळ कोरी ठेवायचे आणि मग ऐन वेळी बाईंच्या नावानं शंख करायचे.

हे सगळं बाई सहन करायच्या. म्हणजे चिडायच्या, बडबडायच्या, कपाळाला हात लावायच्या, पण करायच्या. त्यांचा खरा जीव होता तो मनोगतात. प्रत्येक अर्जाबरोबर मुलानं एक पान स्वतःबद्दल लिहायचं असतं. मुलं जे लिहून आणायची ते बाईंना वाचवत नसे. कुणी धाडकन सुरू करायचं, कुणी मधेच थांबायचं, आणि शेवट तर एकालाही करता यायचा नाही. ‘बाकी काही नाही’ असा शेवट एका मुलीनं केला होता. आयुष्यभर भाषा शिकवलेल्या बाईनं हे कसं बघायचं? मग त्यांचं हिरवं पेन बाहेर यायचं.

त्या पेनाबरोबर एक वहीही होती. तिच्यात बाईंनी स्वतः रचलेले शेवट होते, चौदा. प्रत्येकाखाली कोणत्या साली, कुणाला, कोणत्या कॉलेजसाठी दिला याची नोंद. एकच शेवट एकाच कॉलेजला पाच वर्षांत पुन्हा जाता कामा नये, हा त्यांचा नियम. यात काही वावगं आहे असं बाईंना कधी वाटलं नाही. पान मुलाचं, विचार मुलाचा, फक्त शेवट तेवढा नीट बसवून दिला तर काय बिघडलं? शिंपी नाही का शेवटचं बटण लावून देत?

त्या वर्षी लिफ्टवाल्यांची मुलगी होती. वडील शहरभर लिफ्ट दुरुस्त करत हिंडायचे, म्हणून सगळे त्यांना लिफ्टवाले म्हणायचे. मुलगी लहानपणापासून सुट्टीत त्यांच्याबरोबर जायची, लिफ्टखालच्या खड्ड्यात बॅटरी धरून बसायची. तिला लिफ्ट, क्रेन, सरकते जिने, म्हणजे जड काहीतरी उचलणारी यंत्रं शिकायची होती. ती शिकवणारं कॉलेज एकच होतं, आणि तिथं जागा होत्या वीस. तिची तीन कॉलेजं वाचून बाईंनी पहिल्यांदाच काही खोडलं नाही. उडीचं म्हणजे खरोखर उडीचं होतं. ते नाही मिळालं तर बाकीच्या दोन ठिकाणी तिला दुसरंच काहीतरी शिकावं लागणार होतं, आणि हे तिला माहीत होतं.

तिनं मनोगत आणलं ते पाऊण पान. लोकांना वाटतं लिफ्ट एका दोरावर लोंबकळते, असं सुरू होतं. दुसऱ्या बाजूला तेवढंच वजन कसं खाली-वर जात असतं, रिकाम्या लिफ्टपेक्षा अर्ध्या भरलेल्या लिफ्टला कमी जोर का लागतो, अडकलेल्या माणसांशी बाबा बाहेरून कोणत्या आवाजात बोलतात, असं सगळं. शेवटचं वाक्य होतं, ‘लिफ्ट पडत नाही, लोक उगाच घाबरतात.’

“आणि पुढे?” बाईंनी विचारलं.

“पुढे काही नाही, बाई. संपलं.”

“असं कुठं संपतं? दारात आणून सोडलंस आम्हाला.” बाईंनी ते वाक्य हिरव्या पेनानं खोडलं. वही उघडली, बोट फिरवलं आणि नववा शेवट उतरवला. ‘मी वाटेनं चालत नाही, वाटच माझ्यातून चालते.’

मुलीनं तो दोनदा वाचला. “म्हणजे काय, बाई?”

“वाचणाऱ्याला कळतं ते.”

मुलीनं पान नव्यानं उतरवून आणलं, नवव्या शेवटासकट. बाईंनी वहीत नोंद केली. नववा शेवट त्या वर्षी सायकलवाल्यांच्या मुलालाही दिला होता, पण त्याचं कॉलेज वेगळं, पार दुसऱ्या टोकाचं. काळजी नव्हती.

सायकलवाले म्हणजे सायकलच्या दुकानाचे मालक. बोलायला गोड माणूस, आणि बाईंच्या बावीस वर्षांतला सर्वांत मोठा ताप. मुलगा बरा होता, त्याला झाडं, माती यात गोडी. त्याचे तीन अर्ज बाईंनी त्याच्याशी बोलून ठरवले होते. पंधरा तारखेला संध्याकाळी, अर्ज पाठवण्याआधी, सायकलवाल्यांनी घरी बसून मुलाच्या अर्जातलं उडीचं कॉलेज बदललं आणि लिफ्टवाल्यांच्या मुलीचं कॉलेज लिहिलं. मुलाला विचारलं नाही, बाईंना तर नाहीच. मनोगत तेच ठेवलं.

तीन आठवड्यांनी कॉलेजकडून शाळेला पत्र आलं. आपल्या शाळेतून आलेल्या दोन अर्जांचं शेवटचं वाक्य शब्द न् शब्द सारखं आहे. दोन्ही विद्यार्थ्यांनी येत्या गुरुवारी पालक आणि शिक्षकांसह येऊन खुलासा करावा, नाहीतर दोन्ही अर्ज बाजूला ठेवले जातील. बाईंनी पत्र वाचलं, पुन्हा वाचलं, आणि वही काढून नवव्या शेवटाखालच्या नोंदी पाहिल्या.

पहिला फोन त्यांनी सायकलवाल्यांना केला.

“तुम्ही कॉलेज बदललंत?”

“हो, बाई. सांगायचंच राहिलं.”

“पण का?”

“शेजारचा मुलगा तिथं जातोय. म्हटलं दोघं एका गाडीनं जातील, सोबत होईल.”

“तिथं झाडं शिकवत नाहीत.”

“शिकेल की, बाई. काहीतरी शिकेलच.”

बाईंनी फोन आपटला. एवढा मूर्खपणा बावीस वर्षांत पाहिला नव्हता, असं त्या दिवसभर ज्याला त्याला सांगत सुटल्या. लिपिकाला सांगितलं, शिपाईमामांना सांगितलं, प्रयोगशाळेच्या सरांना दारात गाठून सांगितलं. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांचंच सायकलवाल्यांवर एकमत झालं आणि बाईंना जरा बरं वाटलं.

लिफ्टवाल्यांच्या मुलीला मात्र सांगायला त्यांनी मधल्या सुट्टीपर्यंत वेळ काढला. मुलीनं पत्र उभ्यानंच वाचलं. तिचा चेहरा उतरला, पण रडली नाही. “बाई, मी नक्कल केली असं वाटेल त्यांना,” एवढंच म्हणाली.

“मी पत्र लिहिते ना. तू घाबरू नकोस.”

“मी ते वाक्य लिहिलंच नव्हतं,” मुलगी म्हणाली. आवाज चढवला नाही. तक्रारही नव्हती त्यात, आणि म्हणूनच ते बाईंना जास्त झोंबलं.

घरी येऊन बाई लिहायला बसल्या. नवरा बसच्या आगारात वेळापत्रकं लावायचा, आता निवृत्त होऊन घरातल्या सगळ्यांची वेळापत्रकं लावायचा. बाईंनी मोठ्यानं वाचून दाखवलं. पत्रात एका बेजबाबदार पालकाच्या परस्पर केलेल्या बदलामुळे उद्भवलेल्या दुर्दैवी योगायोगाचं वर्णन होतं, आणि शेवटाला एक सुंदर वाक्य होतं, विश्वासाच्या नाजूक धाग्याबद्दल.

“हा वहीतलाच ना?” नवऱ्यानं विचारलं. “बारावा?”

“तेरावा,” बाई म्हणाल्या आणि लगेच चिडल्या. “अहो, चूक त्या माणसाची आहे. तुम्हाला कळत कसं नाही? त्यानं कॉलेज बदललं नसतं तर हे झालंच नसतं.”

“दोन गाड्या एका थांब्यावर एकदम आल्या की लोक ड्रायव्हरला बोलतात. आमचे साहेब आधी मला बोलवायचे.”

“म्हणजे मी चुकले?”

“मी बसबद्दल बोलतोय,” नवरा म्हणाला आणि पेपर उचलून आतल्या खोलीत गेला. भांडण पुरं न करता निघून जायची त्याची ही सवय बाईंना चाळीस वर्षांत मानवली नव्हती. त्या स्वयंपाकघरात गेल्या, दोन भांडी उगाच घासली, परत येऊन पत्र फाडलं, मग तुकडे जुळवून पाहिले. सायकलवाल्यांना दोष दिलेली ओळ अजूनही बरोबर होती. पण ती बरोबर असून मुलीचं काही भलं होत नव्हतं.

गुरुवारी सगळे कॉलेजात पोचले. प्रवेशाची कचेरी चौथ्या मजल्यावर. लिफ्टमध्ये शिरल्यावर लिफ्टवाल्यांनी मान वाकडी करून कान दिला आणि “दार घासतंय,” असं मुलीला हळूच सांगितलं. सायकलवाले नवा सदरा घालून आले होते आणि मुलाला, आत काय बोलायचं, ते अजून पढवत होते. मुलगा मान खाली घालून होता.

प्रवेश विभागाच्या मॅडम बाईंच्या निम्म्या वयाच्या होत्या. टेबलावर दोन अर्ज शेजारी शेजारी ठेवलेले, दोन्हीवर शेवटची ओळ पेन्सिलीनं अधोरेखित. बाईंनी येताना खुलासा मनात घोळवला होता. पण समोर ती ओळ अशी दोनदा दिसली, आणि बाजूला मुलगी हाताची बोटं एकमेकांत अडकवून उभी होती. बाईंनी पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली.

“हे वाक्य मुलीचं नाही, मुलाचंही नाही,” त्या म्हणाल्या. “माझं आहे. मुलगी म्हणत होती की तिचं पान आधीच संपलंय. मी ऐकलं नाही.”

बावीस वर्षांचं नाव होतं, ते एका वाक्यात गेलं असं त्यांना वाटलं, आणि फार वाईट वाटलं. मॅडमनी वही उघडली. एकेक पान शांतपणे उलटत गेल्या. चौथ्या पानावर थांबल्या, मग सातव्यावर.

“हे सगळे मी वाचलेत,” मॅडम म्हणाल्या. “सहा वर्षं वाचतेय. आम्हाला वाटायचं, त्या शाळेतली मुलं फार उदास असतात.”

इतकी वर्षं ज्या शेवटांवर बाईंनी जीव टाकला, ते वाचून इथं लोकांना मुलांची काळजी वाटत होती.

“दोघांना एकेक कोरं पान देते,” मॅडम म्हणाल्या. “इथंच लिहू देत. ते वाचून ठरवू. बाकीच्यांनी बाहेर बसा.”

“मी आत थांबले तर चालेल का? नुसती बसते. बोलणार नाही.”

“बाहेर बाक आहे,” मॅडम म्हणाल्या.

बाक लोखंडी होता आणि गार होता. एका टोकाला सायकलवाले, दुसऱ्या टोकाला लिफ्टवाले, मधे बाई. दाराला काचेची एक उभी पट्टी होती. पाच मिनिटांत बाई तीनदा उठल्या, पाणी प्यायच्या निमित्तानं, आणि तीनदा त्या पट्टीवरून गेल्या. मुलगी खाली मान घालून लिहीत होती, एवढंच दिसलं. पिशवीतलं हिरवं पेन कधी हातात आलं ते बाईंना कळलंही नाही.

“पहिला नियम, बाई,” लिफ्टवाले म्हणाले. “डोकावू नये.”

त्यांचा आवाज अगदी साधा होता. बाईंच्या शाळेतल्या बाकावर ते वर्षभरात सात-आठ वेळा बसले असतील, दरवेळी तो कागद वाचत. बाई गुमान खाली बसल्या.

“तुम्हाला नाही काळजी वाटत?” त्यांनी विचारलं.

“वाटते ना. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.” लिफ्टवाल्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले. “पण लिफ्टमधे माणूस अडकला की आपण बाहेरून दार ओढायचं नसतं. वाकतं ते.”

सायकलवाल्यांचा मुलगा सातव्या मिनिटाला बाहेर आला. सायकलवाले ताडकन उठले. “काय लिहिलंस?”

“मला इथं यायचं नाही, असं लिहिलं,” मुलगा म्हणाला. कित्येक महिन्यांत त्याचा चेहरा इतका हलका दिसला नव्हता. सायकलवाल्यांनी बाईंकडे पाहिलं, जणू हेही बाईंनीच शिकवलं होतं. बाईंचा राग इतका अनावर झाला की त्यांना एकदम हसूच आलं. ते त्यांनी खोकल्यात घातलं. मग त्या सायकलवाल्यांना शांतपणे म्हणाल्या की त्याचं हाताचं कॉलेज अजून शाबूत आहे, आणि ते त्यानं स्वतः निवडलंय, तेव्हा आता कृपा करून त्याला हात लावू नका.

मुलीला तासभर लागला. त्या तासात बाईंनी चौदाही शेवट मनात म्हणून पाहिले आणि एकही तिच्या पानाला बसेना. दार उघडलं. मुलगी बाहेर आली, बोटाला शाई, चेहऱ्यावरून काहीही कळत नव्हतं. बाईंचं तोंड उघडलं.

“तिसरा नियम,” लिफ्टवाले पुटपुटले.

बाईंनी तोंड मिटलं. जिन्यापर्यंत मिटलेलं ठेवलं, खाली उतरल्यावर ठेवलं, परतीच्या अख्ख्या प्रवासात खिडकीबाहेर बघत मिटलेलं ठेवलं. इतका त्रास त्यांना सायकलवाल्यांनीही कधी दिला नव्हता.

बारा दिवसांनी यादी लागली. वीस नावांत मुलीचं नाव सतरावं होतं. लिफ्टवाले शाळेत आले, बाकावर बसले, आणि त्यांना बोलावलं तरी आत आलेच नाहीत, रुमालानं डोळे पुसत बसले. बाईही रडल्या, मग प्रिंटरनं दुसरं पान गिळलं म्हणून प्रिंटरवर ओरडल्या. वही त्यांनी फेकली नाही, इतक्याही काही त्या बदलल्या नव्हत्या. कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली, जिथं स्टूल घेतल्याशिवाय हात पोचत नाही.

मुलगी निरोप घ्यायला आली तेव्हा बाईंपुढे पुढच्या वर्षीच्या मुलांचे कागद होते. पहिल्याच मुलानं तिन्ही ओळींत एकच कॉलेज लिहिलं होतं. बाई कपाळ दाबून बसल्या होत्या.

“बाई,” मुलगी म्हणाली, “त्या दिवशी मी शेवट काय लिहिला ते सांगू?”

त्या दिवसापासून बाईंना दुसरं काही सुचलं नव्हतं. त्यांनी हिरव्या पेनाला टोपण लावलं, पेन खणात टाकलं आणि खण लावून घेतला.

“नको,” त्या म्हणाल्या. “सांगितलंस तर मी दुरुस्त करीन.”